कॉल आहे जी

ताडोबाच्या मोहर्ली गेटवर कानावर पडणाऱ्या इंग्रजी शब्दांत मला सर्वांत आवडतो तो ‘कॉल’. जिप्सी, परमिट, बफर, साइटिंग हे शब्द आपापलं काम चोख करतात, पण त्यांच्यात डोकवावं असं फारसं काही नाही. ‘कॉल’मध्ये आहे. शहरात कॉल आला की पडद्यावर नाव झळकतं. इथे जंगलात ओरडणारा प्राणी कळतो. कुणामुळे ओरडला, ते कळत नाही. तेलिया तलावाच्या वाटेवर गाईड हात वर करतो, चालक इंजिन बंद करतो आणि हलक्या आवाजात वाक्य येतं, ‘कॉल आहे जी.’

या वाक्यात वाघ नाही. गाईडच्या मनात तो असतोच, गाडीतल्या प्रत्येकाच्या असतो. तरी कानांनी ऐकलं तेवढंच जिभेवर येतं. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

ऐकणाऱ्याला पुढे बरंच वाचायचं असतं. चितळाचा कॉल बारीक, टोकदार. तो बिबट्यामुळे असेल, रानकुत्र्यांमुळे असेल, नुसत्या संशयानेही असेल. वानर उंच फांदीवरून खोकल्यासारखं ओरडतं, आणि त्याला वरून दिसतं म्हणून त्याची साक्ष वजनदार. सांबर मात्र उगाच तोंड उघडत नाही. त्याचा भरदार, तुटक ‘ढांक’ बांबूच्या बेटातून आला की मुरलेला गाईडसुद्धा सरसावून बसतो. त्यातही एकदाच येऊन विरलेला कॉल वेगळा, थांबून थांबून येत राहिलेला वेगळा. कॉल पुढे पुढे सरकत असेल तर जनावर चालतंय. एकाच बाजूने येत असेल तर बहुधा बसलंय.

केनियातल्या अंबोसेलीत व्हर्वेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळे आवाज काढतात, हे सेफार्थ, चेनी आणि मार्लर या संशोधकांनी १९८० मध्ये दाखवून दिलं. सांबराच्या आवाजात तेवढा नेमकेपणा नाही. तो धोका सांगतो, धोक्याचं नाव सांगत नाही. मोहर्लीच्या बोलीतल्या ‘कॉल’नेही ते नाव पदरचं घातलेलं नाही. ‘इशारा’ म्हटलं असतं तर जनावराच्या मनातला हेतू गृहीत धरावा लागला असता. ‘ओरडणं’ म्हटलं असतं तर नुसता आवाज उरला असता. ‘कॉल’ या दोहोंच्या मधे उभा आहे, आणि तीच त्याची खरी जागा.

सर्वांत अवघड वाचन ‘कॉल थांबला’चं. वाघ निघून गेला? गवतात बसला? की मुळात तो नव्हताच, आणि सांबराची शंका फिटली? चालक म्हणतो, पुढच्या पाणवठ्यावर जाऊ. गाईड म्हणतो, पाच मिनिटं थांबू जी. दोघेही जंगलाकाठच्या गावांतले, दोघांचेही कान तयार. गेटवर परतायची वेळ ठरलेली असल्याने वाद फार लांबवताही येत नाही.