‘गविष्टि’ आणि परग्रहावरील लिपी

टेड चिआंग यांची ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’ ही दीर्घकथा १९९८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून दनी व्हिलनव्ह यांनी दिग्दर्शित केलेला ‘अरायव्हल’ हा चित्रपट २०१६ साली आला. दोहोंची नायिका लुईझ बँक्स ही भाषाशास्त्रज्ञ असून परग्रहावरून आलेल्या सप्तपाद प्राण्यांची भाषा उलगडणे हे तिचे कार्य आहे. वैज्ञानिक ललितकृतींत भाषाशास्त्राला असे मध्यवर्ती स्थान क्वचितच लाभते. म्हणूनच त्याचे तेथे काय झाले, हे पाहणे अगत्याचे वाटते.

चित्रपटात नायिकेच्या अधिकाराची कसोटी म्हणून एक प्रश्न योजिला आहे : युद्धाला संस्कृत शब्द कोणता व त्याचा अर्थ काय? प्रतिस्पर्धी विद्वान ‘गविष्टि’ हा शब्द सांगून ‘वाद’ असा अर्थ देतो. नायिका ‘अधिक गाईंची इच्छा’ असा देते आणि सरस ठरते. शब्द वैदिक आहे व विग्रहही ठीक आहे. परंतु युद्ध, रण, समर, संग्राम हे सारे शब्द बाजूस सारावयाचे आणि व्युत्पत्ती हाच अर्थ मानावयाचा, ही भाषाशास्त्राची रीत नव्हे. ‘गवेषणा’ हा शब्दही गाईंच्या शोधातूनच आला. तथापि गवेषणा करणारा आज कोणी गोठ्याकडे वळत नाही.

याउलट, ‘शस्त्र’ आणि ‘साधन’ हा भेद सप्तपादांच्या भाषेत नसेलही, ही नायिकेची शंका रास्त आहे. क्षेत्रकार्य केलेल्याला ती तत्काळ पटेल.

नव्या भाषेने कालाची जाणीवच पालटते, ही मूळ कल्पना सापीर व व्होर्फ यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या गृहीतकाचे टोकाचे रूप होय. होपी भाषेत कालवाचक रचना नाहीत, हे व्होर्फ यांचे प्रतिपादन मालोट्की यांनी १९८३ साली सविस्तर पुराव्याने खोडून काढले. परंतु असत्य गृहीतक हा कथेचा दोष ठरत नाही. त्या गृहीतकापासून लेखक काय निष्पन्न करतो, हा खरा प्रश्न आहे.

येथे चिआंग यांची कथा चित्रपटाहून पुष्कळ पुढे जाते. सप्तपादांच्या लिपीत पहिली रेघ ओढण्यापूर्वी संपूर्ण वाक्य ज्ञात असावे लागते. अखंड वाक्यालाच अर्थवाहक मानणाऱ्या भर्तृहरीचे येथे स्मरण व्हावे. प्रकाशकिरण अल्पतम कालाचा मार्ग घेतो, या फेर्मा यांच्या तत्त्वाशी लेखक या लिपीची सांगड घालतो. भविष्य जाणणाऱ्याचे बोलणे तेव्हा माहिती देत नाही, ते घटना घडविते. विवाहातील वचने सर्वांना ठाऊक असूनही उच्चारावी लागतात, तसेच.

चित्रपटाने नेमके हेच सूत्र सोडले. तेथे नायिका भविष्यातून मिळालेला दूरध्वनी क्रमांक व एका सेनापतीच्या पत्नीचे अंतिम शब्द वापरून युद्ध टाळते. ज्ञान हे हत्यार बनते. कन्येचा मृत्यूही चित्रपटात असाध्य रोगाने होतो. कथेत ती पंचविसाव्या वर्षी गिर्यारोहणातील अपघातात मरण पावते. रोगापुढे माता हतबल असते; अपघात मात्र एका शब्दाने टळला असता, असे वाचकाला वाटत राहते. तो शब्द उच्चारला जात नाही, यातच कथेची करुणा आहे, आणि तिचा तर्कही.

चित्रपट नेत्रसुखद आहे, हे मान्य करूनही आमच्या मते भाषेविषयीचा गंभीर विचार कथेतच आहे. अभ्यासकाने आरंभ तेथूनच करावा.