नाव लपवणारा माणूस बेगडी का?

अस्तित्ववाद म्हटला की आपल्याकडच्या पांढरपेशा टीकाकारांना कंटाळा आठवतो. पोट भरल्यावर येणारा कंटाळा. तो आपला प्रश्न नाही. पण सार्त्रचं एक छोटं पुस्तक आहे, १९४६ साली पॅरिसात निघालेलं, ज्यू प्रश्नावरचं. ते कार्यकर्त्यांनी वाचावं आणि वाचून त्याच्याशी भांडावं, म्हणून हे लिहितोय.

सार्त्र विचारतो, ज्यू कोण? तर इतर लोक ज्याला ज्यू समजतात तो. द्वेष करणाऱ्याला ज्यू लागतोच. नसला तर तो तयार करील. द्वेष्ट्याची अशी साल काढलेली मी दुसरीकडं वाचली नाही. पण पुढं तो ज्यूपुढं दोन वाटा ठेवतो. आपली परिस्थिती ओळखून, जोखीम पत्करून ताठ उभं राहायचं. हे अस्सल जगणं. नाहीतर आपण ते नव्हेच असं दाखवत पळायचं, ते बेगडी.

इथं मी अडखळलो. शहरात शिकायला आलो तेव्हा खोलीसाठी मी आडनाव खोटं सांगितलं होतं. गावाच्या नावाला 'कर' जोडून दिलं. अकरा महिने राहिलो. पोस्टमन आला की छातीत धडधड. आई भेटायला येते म्हणाली, तर मी नको म्हणालो. मग मी बेगडी का?

सार्त्र म्हणतो, बेगडी म्हणण्यात नैतिक दोष नाही. ठीक. पण १९४२ चं पॅरिस आठवा. जूनमध्ये ज्यूंच्या छातीवर पिवळा तारा आला. १६ आणि १७ जुलैला फ्रेंच पोलिसांनीच सुमारे १३,००० ज्यू धरले. त्या दिवसांत खोट्या नावाचा कागद म्हणजे जीव होता. तिथं अस्सलपणाचं माप कुणाला लावायचं? लपणाऱ्याला, की त्याला लपायला लावणाऱ्याला? अस्सल होऊन ज्यूचा सामाजिक प्रश्न सुटत नाही, तो साऱ्या फ्रेंचांचा प्रश्न आहे, हे सार्त्रही कबूल करतो. पण शेवटी. मला ते पहिल्या पानावर हवं होतं.

दुसरं भांडण इतिहासाचं. सार्त्रचा ज्यू दुसऱ्याच्या नजरेतच जगतो, त्याला स्वतःचं मागचं काही नाही. एकही ज्यू ग्रंथ न वाचता ते पुस्तक लिहिलं, हे त्यानं पुढं १९८० साली सांगून टाकलं. फॅननने १९५२ सालीच त्याला अडवलं होतं: ज्यूला गर्दीत मिसळता येतं, काळ्याला कातडी लपवता येत नाही. आपलं ज्यूसारखं. तोंडावर काही नाही, आडनावात सगळं. म्हणून बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण, हा ग्रंथच लिहिला. दुसऱ्याच्या नजरेआधी आपण कोण होतो, हे त्यांनी विचारलं. सार्त्रला ते सुचलं नाही.

बाराव्या महिन्यात मी घरमालकाला खरं आडनाव सांगितलं. खोली गेली. पण मी एकाएकी शूर झालो नव्हतो. वसतिगृहातल्या दोस्तांनी वळकटी टाकायला जागा देऊ केली होती, म्हणून तोंड उघडलं. सार्त्रचा अस्सल माणूस निवड एकट्यानं करतो. मला ती एकट्यानं जमली नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

तेव्हा दोस्तहो, नाव लपवणाऱ्या पोराला भित्रा म्हणू नका. आधी विचारा, खरं सांगितलंस तर आज रात्री झोपशील कुठं? आणि त्याचं उत्तर आपल्यापाशी तयार ठेवा.