अतिजलद रेल्वे आणि सार्वजनिक खर्चाचे औचित्य : मुंबई–अहमदाबाद प्रकल्पाची चिकित्सा

प्रस्तावना

भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर धावली. त्यानंतर १६४ वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१७ रोजी, पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हस्ते अहमदाबाद येथे मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेची पायाभरणी झाली. या समारंभाला पंधरा दिवस होतात न होतात तोच, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, मुंबईतील तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ प्रवासी मृत्युमुखी पडले. या दोन घटनांमध्ये कार्यकारण संबंध नाही. मात्र त्यांच्या निकटतेमुळे अतिजलद रेल्वेविषयीच्या सार्वजनिक चर्चेला जे वळण लागले ते आजतागायत कायम आहे. एका पक्षाच्या दृष्टीने हा प्रकल्प राष्ट्राच्या प्रगतीचे प्रतीक ठरला, तर दुसऱ्या पक्षाच्या दृष्टीने तो पांढरा हत्ती ठरला. दोन्ही पक्षांचा भर प्रतीकावर राहिला आणि हिशेब मागे पडला.

प्रस्तुत लेखात हा हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला आहे. अतिजलद रेल्वेवर सार्वजनिक निधी खर्च करणे सर्वकाळ योग्य किंवा सर्वकाळ अयोग्य असे विधान करता येत नाही. कोणत्या मार्गावर, कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या लाभासाठी, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर तिचे औचित्य अवलंबून असते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

मूल्यमापनाचे निकष

सार्वजनिक प्रकल्प नफ्यात चालतो की तोट्यात, एवढ्यावरून त्याची योग्यता ठरविणे अपुरे आहे. गावाला जोडणारा रस्ता अथवा जिल्हा रुग्णालय नफा मिळवीत नाही, तरीही त्यावरील खर्च व्यर्थ मानला जात नाही. वाचलेला वेळ, टळलेले अपघात, कमी झालेली गर्दी आणि प्रदूषण हे लाभ तिकीटविक्रीच्या हिशेबात येत नाहीत, म्हणूनच शासनाने खर्च करावा अशी अपेक्षा असते. तथापि अतिजलद रेल्वेचे अर्थकारण एका बाबतीत वेगळे आहे. तिचा बहुतांश खर्च पहिली गाडी धावण्यापूर्वीच होऊन जातो. उन्नत मार्ग, बोगदे, विद्युतयंत्रणा आणि संकेतयंत्रणा यांचा खर्च प्रवासी दहा हजार असोत वा लाख असोत, जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे प्रवाशांची घनता हा पहिला निकष ठरतो. घरापासून गंतव्य स्थानापर्यंतच्या एकूण वेळेत होणारी बचत हा दुसरा निकष होय. खर्चाचा भार वाहणारे आणि लाभ घेणारे यांच्यातील न्याय्य संबंध हा तिसरा. पहिल्या दोन निकषांची चर्चा अर्थशास्त्रीय लेखनात वारंवार आढळते, तिसरा निकष मात्र बहुधा उपेक्षित राहतो.

परदेशातील अनुभव

जपानमधील टोकियो–ओसाका ही तोकाइदो शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी जागतिक बँकेने ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. प्रत्यक्ष खर्च मंजूर अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला आणि जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांना उद्घाटनापूर्वीच, १९६३ मध्ये, पद सोडावे लागले. तरीही हा मार्ग अल्पावधीतच नफ्यात आला, कारण देशातील सर्वांत दाट वस्तीच्या औद्योगिक पट्ट्यातून तो जात होता आणि तेथील जुना लोहमार्ग अपुरा पडत होता. ही कथा नेहमी सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. पुढील काळात राजकीय दबावाने कमी वर्दळीच्या प्रदेशांतही शिंकान्सेन नेण्यात आली. अन्य कारणांबरोबर या विस्ताराचा भारही वाढत गेला आणि १९८७ मध्ये राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन व खासगीकरण झाले, तेव्हा तिच्यावर सुमारे ३७ लाख कोटी येनचे कर्ज होते. एकाच देशात, एकाच तंत्रज्ञानाने, एक मार्ग यशस्वी होतो आणि दुसरा ओझे ठरतो, हा या अनुभवाचा खरा धडा आहे.

युरोपीय लेखापरीक्षण न्यायालयाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विशेष अहवालातून हाच मुद्दा पुढे येतो. युरोपीय संघाने २००० पासून अतिजलद मार्गांसाठी २३.७ अब्ज युरोचे साहाय्य दिले असले, तरी तपासलेल्या मार्गांवर गाड्यांचा सरासरी वेग संकल्पित वेगाच्या सुमारे ४५ टक्केच असल्याचे या अहवालात दिसून आले. मार्ग यशस्वी होण्यासाठी वर्षाला सुमारे ९० लाख प्रवासी असावेत, हा मापदंडही अहवालाने वापरला. तैवानमध्ये २००७ साली खासगी गुंतवणुकीच्या भरवशावर सुरू झालेली अतिजलद रेल्वे प्रवाशांमध्ये लोकप्रिय झाली. पण कर्जाचा डोंगर पेलता न आल्याने शासनाला हस्तक्षेप करावा लागला. म्हणजेच प्रवासी मिळाले तरी वित्तीय रचना चुकू शकते.

अंदाजांच्या विश्वासार्हतेबाबत बेंट फ्लिव्हबियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २००५ मधील संशोधन महत्त्वाचे आहे. त्यांनी तपासलेल्या रेल्वे प्रकल्पांपैकी दहांतील नऊ प्रकल्पांत प्रवासीसंख्येचा अंदाज फुगविलेला होता आणि हा फुगवटा सरासरी १०६ टक्के होता. म्हणजे प्रत्यक्ष प्रवासी अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी निघाले.

मुंबई–अहमदाबाद प्रकल्प : आकड्यांची तपासणी

हा मार्ग ५०८ किलोमीटर लांबीचा असून त्यावर १२ स्थानके आहेत. गाडीचा परिचालन वेग ताशी ३२० किलोमीटर राहील आणि मोजकी स्थानके घेणारी गाडी २ तास ७ मिनिटांत हे अंतर पार करील, अशी योजना आहे. प्रारंभीचा अंदाजित खर्च १ लाख ८ हजार कोटी रुपये होता. त्यापैकी सुमारे ८१ टक्के रक्कम जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेकडून, ०.१ टक्के व्याजाने, ५० वर्षांच्या मुदतीवर आणि पहिली १५ वर्षे परतफेडीची सवलत देऊन मिळावयाची होती.

घनतेच्या निकषावर हा मार्ग देशातील सर्वांत सबळ उमेदवारांपैकी एक आहे, हे टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे. मुंबई, सुरत, वडोदरा आणि अहमदाबाद ही मोठी शहरे एका सरळ रेषेत वसलेली असून त्यांच्यात व्यापारउदिमाचा जुना संबंध आहे. प्रकल्पाच्या मूळ अंदाजानुसार २०२३ मध्ये प्रत्येक दिशेने दररोज १७,९०० प्रवासी अपेक्षित होते. दोन्ही दिशा मिळून वर्षाला ही संख्या सुमारे १ कोटी ३० लाख होते. ९० लाखांच्या युरोपीय मापदंडावर ती सहज उतरते. परंतु फ्लिव्हबियर्ग यांनी दाखविलेला सरासरी फुगवटा येथेही असल्याचे गृहीत धरल्यास प्रत्यक्ष प्रवासी वर्षाला ६३ लाखांच्या आसपास राहतील आणि हाच मार्ग त्या मापदंडाच्या खाली जाईल. प्रकल्पाचे यशापयश अंदाजाच्या अचूकतेवर किती टांगलेले आहे, हे यावरून स्पष्ट होते.

अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेतील अभ्यासकांनी केलेल्या अभ्यासात, ३०० किलोमीटरला १,५०० रुपये भाडे गृहीत धरून, कर्जफेडीसाठी दररोज ८८ हजार ते १ लाख १८ हजार प्रवासी आवश्यक असल्याचे म्हटले होते. प्रकल्पाचा स्वतःचा अंदाज २०३३ साठी दोन्ही दिशांनी मिळून ६३,४०० आणि २०४३ साठी १,१३,६०० इतका होता. हे अंदाज २०२३ मध्ये गाडी सुरू होईल असे धरून केलेले होते. प्रत्यक्षात ती मुदत टळली आणि २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी सुरत परिसरातील पहिल्या टप्प्यासाठी ऑगस्ट २०२७ ही मुदत जाहीर केली. कर्जाची कालगणना मात्र गाडीची वाट पाहत थांबत नाही. पहिला कर्जकरार सप्टेंबर २०१८ मध्ये झाला, म्हणजे त्या हप्त्याची पंधरा वर्षांची सवलत २०३३ मध्ये संपते. प्रवासीसंख्या वाढीस लागण्यासाठी दिलेला हा अवधी बांधकामातच खर्ची पडत आहे. विलंबाची ही किंमत वाढलेल्या बांधकामखर्चापेक्षा कमी दृश्य असली तरी कमी गंभीर नाही.

‘जवळजवळ बिनव्याजी कर्ज’ या युक्तिवादाचीही चिकित्सा आवश्यक आहे. कर्ज येनमध्ये आहे आणि उत्पन्न रुपयांत असणार आहे. विनिमयदराची जोखीम अर्धशतकभर राहणार आहे. १९८५ च्या प्लाझा करारानंतर अवघ्या तीन वर्षांत डॉलरच्या तुलनेत येनचे मूल्य जवळपास दुप्पट झाले होते. तसे पुन्हा घडेलच असे नाही, मात्र ०.१ टक्का हा आकडा कर्जाची अंतिम किंमत सांगत नाही, एवढे निश्चित.

दुसऱ्या निकषाबाबत चित्र संमिश्र आहे. वडोदरा, अहमदाबाद आणि साबरमती येथील स्थानके विद्यमान रेल्वेस्थानकांशी जोडलेली आहेत. सुरतचे स्थानक मात्र शहराबाहेर अंत्रोळी येथे आणि ठाण्याचे दिव्याजवळील म्हातार्डी येथे आहे. रुळांवर वाचविलेला वेळ स्थानक गाठण्यात गमवावा लागला, तर ताशी ३२० किलोमीटर वेगाचा प्रवाशाला फारसा उपयोग नाही.

भार कोणावर, लाभ कोणाला

तिसऱ्या निकषावर प्रकल्पाची बाजू सर्वाधिक लंगडी पडते. भागभांडवलात महाराष्ट्र आणि गुजरात यांचा वाटा प्रत्येकी ५ हजार कोटी रुपयांचा आहे. मात्र ५०८ पैकी सुमारे १५६ किलोमीटर मार्ग आणि १२ पैकी ४ स्थानकेच महाराष्ट्रात आहेत. किलोमीटर आणि स्थानके मोजून लाभ पूर्णतः कळत नाही, कारण मुंबई हे या मार्गाचे सर्वांत मोठे उगमस्थान आहे. तरीही समान वाट्याचा आधार कोणता, याचे स्पष्टीकरण महाराष्ट्राच्या करदात्याला मिळणे आवश्यक होते.

राज्यांतर्गत विषमता याहून तीव्र आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी यांसारखे आदिवासीबहुल तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथील अनेक ग्रामसभांनी प्रकल्पाला विरोध नोंदविला होता. ज्याची जमीन गेली, तो या गाडीचा नियमित प्रवासी होण्याची शक्यता अत्यल्प आहे. त्याला मोबदला मिळतो हे खरे, पण मोबदला ही गमावलेल्या वस्तूची किंमत असते, लाभातील वाटा नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पासाठी सुमारे २२ हजार कांदळवने तोडण्यास सशर्त परवानगी दिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रोळीतील एका उद्योगसमूहाच्या जमिनीविषयीची याचिका फेटाळताना न्यायालयाने प्रकल्पाच्या सार्वजनिक महत्त्वावर भर दिला. ‘सार्वजनिक हित’ ही संज्ञा न्यायालयात ग्राह्य ठरली, हे कायद्याच्या दृष्टीने पुरेसे आहे. परंतु सार्वजनिक या शब्दात डहाणूचा शेतकरी कोठे बसतो, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

पर्यायी खर्चाचा प्रश्न

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षिततेसाठी पाच वर्षांत सुमारे १ लाख कोटी रुपये खर्च करण्याची शिफारस केली होती. मुंबई–अहमदाबाद प्रकल्पाचा प्रारंभीचा अंदाज जवळजवळ तेवढाच होता. दुसरीकडे, मुंबई उपनगरी रेल्वेमार्गांवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत दोन हजारांहून अधिक व्यक्तींचा मृत्यू झाला. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून पडून प्रवाशांचा बळी गेला, तेव्हा एल्फिन्स्टन रोडच्या घटनेला जवळजवळ आठ वर्षे झाली होती.

यावर असे उत्तर दिले जाते की, जपानी कर्ज या प्रकल्पासाठीच मिळाले, ते उपनगरी रेल्वेकडे वळविता आले नसते. हे उत्तर अंशतः खरे आहे. तथापि दिल्ली मेट्रो, मुंबईची तिसरी मेट्रो मार्गिका आणि अटल सेतू या प्रकल्पांनाही त्याच जपानी संस्थेचे सवलतीचे कर्ज मिळालेले आहे. म्हणजे नागरी वाहतुकीसाठी असे साहाय्य मिळतच नाही, असे नाही. शिवाय भागभांडवल, जमीन आणि अंतिम परतफेड हे सारे देशांतर्गत साधनांतूनच होणार आहे. निवड रेल्वे की विकासविरोध अशी नव्हती. ती रेल्वेच्याच दोन गरजांमधील प्राधान्यक्रमाची होती.

न्याय्य मूल्यमापनासाठी प्रकल्पाच्या जमेची बाजूही नोंदविली पाहिजे. उन्नत मार्गाची उभारणी आणि खडीविरहित रूळ टाकण्याचे तंत्र यांचा अनुभव भारतीय अभियंत्यांना मिळाला आहे. २०२४ मध्ये ताशी २८० किलोमीटर संकल्पित वेगाच्या गाड्या देशातच बनविण्याचे कंत्राट सार्वजनिक क्षेत्रातील ‘बीईएमएल’ कंपनीला देण्यात आले. हे ज्ञान पुढील मार्गांचा खर्च कमी करू शकते. पण पुढील मार्ग निवडताना निकष पाळले गेले, तरच ते फलदायी ठरेल.

समारोप

या विवेचनाचे महत्त्व झालेल्या खर्चापेक्षा व्हावयाच्या खर्चासंबंधी अधिक आहे. मुंबई–अहमदाबाद मार्गावरील पैसा बव्हंशी परत न मिळणारा आहे. आता तो प्रकल्प अर्धवट सोडणे हे शहाणपणाचे होणार नाही. स्थानके बस, मेट्रो व उपनगरी रेल्वेशी जोडणे आणि बाधित तालुक्यांना लाभात वाटा देणे, हाच मार्ग उरतो.

परंतु मुंबई–नागपूर आणि मुंबई–हैदराबाद हे मार्गही २०२० पासून विचाराधीन मार्गांच्या यादीत आलेले आहेत. मुंबई–नागपूर दरम्यान ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णतः खुला झाला. हे अंतर मोठे आहे, आणि नाशिकनंतर वडोदरा वा सुरत यांच्या तोडीची शहरे वाटेत नाहीत. सर्वांत सबळ मार्गाचाच हिशेब अंदाजाच्या टोकावर उभा असेल, तर तुलनेने विरळ मार्गाचा हिशेब अधिक कठोरपणे तपासला गेला पाहिजे. त्यासाठी पहिल्या मार्गाच्या प्रत्यक्ष प्रवासीसंख्येचे, खर्चाचे आणि पुनर्वसनाचे स्वतंत्र मूल्यमापन प्रसिद्ध होईपर्यंत नव्या मार्गास वित्तीय मंजुरी देऊ नये, असे सुचवावेसे वाटते. मुंबई–अहमदाबादवर झालेल्या खर्चातून निदान पुढील निर्णयाला लागणारी खात्रीची माहिती तरी हाती आली पाहिजे. ती न वापरता दुसरा मार्ग हाती घेतला, तर पहिल्या मार्गाची खरी किंमत दुसऱ्यांदा मोजावी लागेल.