पंगतीचे दप्तर

मुंबईत 1849 साली स्थापन झालेली परमहंस सभा 1860 च्या सुमारास मोडली, ती कोणा धर्ममार्तंडाच्या वादविवादाने नव्हे. तिचे कागद चोरीला गेले आणि सभासदांची नावे उघडी पडली. राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष, दादोबा पांडुरंगांचे ‘धर्मविवेचन’ हा वैचारिक पाया, आणि भोवती बरेचसे नव्या इंग्रजी शिक्षणातून आलेले तरुण. सभेत शिरायचे तर जातिभेद मानत नाही असे सांगून भागत नसे. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे, मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. हे सर्व गुप्तपणे चाले. बैठकीत पाव खाणारे हेच लोक घरी सोवळ्यात जेवत. त्यामुळे यादी बाहेर आली म्हटल्यावर बहुतेकांची पांगापांग झाली.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थी-बंधुसंघांच्या दप्तराचा विचार या प्रसंगापासून सुरू करावा असे मला वाटते. दप्तर म्हणजे जपून ठेवलेला ठेवा, अशी आपली भाबडी समजूत असते. परमहंस सभेच्या बाबतीत दप्तर हाच घातपात ठरला. आणि आज या सभेची आतली हकीकत आपल्याला कळते ती तिच्या दप्तरातून नव्हे, तर सभा सोडून गेलेल्या माणसाकडून. बाबा पदमनजी काही काळ सभेत होते, 1854 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि 1888 च्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सभेविषयी लिहिले. पुढे अ. का. प्रियोळकरांनी सभेवर आणि तिच्या अध्यक्षांवर स्वतंत्र पुस्तक रचले, तेही अशा विखुरलेल्या साक्षी जुळवूनच.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारे विद्यार्थी-बंधुसंघ आणि भगिनीसंघ असतात. गोऱ्यांच्या संघांत प्रवेश नाही म्हणून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 1906 मध्ये कॉर्नेलला अल्फा फाय अल्फा काढला. कोणत्याच एका वंशाचे नाव न लावणारा म्यू सिग्मा अप्सिलॉन हा बहुसांस्कृतिक भगिनीसंघ 1981 मध्ये रटगर्सला निघाला. अशा संघांची इतिवृत्ते, छायाचित्रे, वार्तापत्रे विद्यापीठांची अभिलेखागारे आता खोक्यांत क्रमांक घालून ठेवतात. दीक्षेचा विधी मात्र गुप्तच राहतो. म्हणजे कागदावर येते ती संघटना. माणसे एकमेकांची कशी झाली हे कागदाबाहेरच उरते.

आपल्या एका विद्यार्थ्याने ते जग जवळून पाहिले होते. 1913 मध्ये कोलंबियाला गेलेले भीमराव आंबेडकर आधी हार्टली हॉलमध्ये उतरले, मग कॉस्मोपॉलिटन क्लबात राहिले आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. नाना देशांच्या विद्यार्थ्यांनी एका छपराखाली राहावे ही त्या क्लबांमागची कल्पना. तिथून परतलेल्या आंबेडकरांना 1917 मध्ये बडोद्यात राहायला खोली मिळेना, आणि ज्या पारशी विश्रामगृहात ते नाव लपवून राहिले तिथून त्यांना हाकलले गेले. 1924 मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि जानेवारी 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह उघडले. या वसतिगृहाच्या मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले, ही गोष्ट चरित्रांत एका ओळीत संपते. माझ्या लेखी ती ओळ फार मोलाची आहे, कारण वसतिगृहाविषयी संस्थापक बोलतात, देणगीदार बोलतात. राहणारी मुले क्वचित बोलतात.

मुलींच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत उघडलेल्या शारदा सदनाला बोस्टनच्या मंडळाचा पैसा होता, त्यामुळे त्याचे अहवाल तिकडे आणि इंग्रजीत छापले जात. देणगीदाराला हिशेब हवा असतो, आणि प्रगतीच्या कथा. सदनात मुलींना आपापल्या जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती. स्वयंपाकघर हा तिथेही नाजूक विषय होता. पण सदनातल्या एका विधवा मुलीच्या नजरेतून ते घर पाहायचे तर अहवाल मिटून आनंदीबाई कर्व्यांचे ‘माझे पुराण’ उघडावे लागते. सदनात त्या गोदूबाई होत्या. पुस्तक आले 1944 मध्ये. अहवालात जी संख्येतला एक आकडा होती तिला स्वतःच्या नावाने बोलायला पन्नासहून अधिक वर्षे लागली.

कोल्हापूरची गोष्ट सर्वांना पाठ आहे, निदान आकड्यांपुरती. 1896 मध्ये राजाराम कॉलेजातील मुलांसाठी सर्व जातींना खुले वसतिगृह निघाले, आणि थोड्याच वर्षांत तिथे ब्राह्मण मुलेच उरली. हा अनुभव गाठीशी असल्यानेच शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. मग जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगे, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आपले गौरवग्रंथ ही यादी अभिमानाने देतात आणि तिथेच थांबतात. खरा प्रश्न त्यापुढे आहे. ‘सर्वांसाठी’ अशी पाटी लावलेले घर सर्वांचे झाले नाही, म्हणून ज्याचे त्याला घर दिले. पण भिंत मधे आली ती आलीच. चरित्रकार सांगतात की जैन बोर्डिंगात राहणारा भाऊराव पाटील मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आला, परत आल्यावर स्नान करायला तयार होईना, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. पाव खाऊन जात सोडणारे परमहंस आणि आंघोळ नाकारणारा हा मुलगा यांच्यात साठ वर्षांचे अंतर आहे. परमहंसांनी जे दार लावून केले ते याने उघड्यावर केले.

1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था, 1924 मध्ये साताऱ्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. इथे सगळ्या जातींची मुले एकत्र राबत, एकत्र रांधत, एका पंगतीत जेवत. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते नामकरण झाले, तो प्रसंग प्रत्येक स्मरणिकेत असतो. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने मोडले, हेही असते, पण ‘त्याग’ या मथळ्याखाली. खरे तर ती भोजनखर्चाची नोंद आहे. किती मुले, किती दिवस, काय खाऊन जगली, याचा तो पुरावा आहे. आपण त्याची आरती केली आणि हिशेब सोडून दिला.

या दप्तरात आणखी एक पेच आहे. सरकारी अनुदान आणि शिष्यवृत्त्या जातवार मिळत, म्हणून नोंदवहीत जातीचा रकाना आला. पंगतीत जात नाही हे सिद्ध करायचे, तर पानावर ती लिहायची. आजचा अभ्यासक तोच रकाना मोजून ‘समावेशकता’ असा निष्कर्ष काढतो आणि शोधनिबंध पुरा होतो. पण अमुक जातीची इतकी मुले होती एवढ्याने ती एकमेकांची कोण होती ते कळत नाही. त्यासाठी रांधण्याच्या पाळ्या हव्यात, खोलीवाटपाची पाने हवीत, भांडणाचे अर्ज हवेत, आजारपणात कोणी कोणाच्या घरी निरोप नेला त्या चिठ्ठ्या हव्यात.

पनवेलकरांना हा विषय दूरचा वाटू नये. इथले महात्मा फुले महाविद्यालय रयतचेच, 1970 चे. सिडकोची स्थापनाही त्याच वर्षीची. पुढे ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. म्हणजे पहिल्या पिढीची शिकणारी आगरी, कोळी मुले आणि जमीन संपादनाच्या नोटिसा एकाच सुमारास या भागात आल्या. या पट्ट्यातल्या कोणत्याही जुन्या महाविद्यालयाच्या प्रवेश-नोंदवहीतला ‘पालकांचा व्यवसाय’ हा एक रकाना वर्षामागून वर्ष सलग वाचला, तरी शेतीची मजुरी कधी झाली, नोकरी कधी आली आणि परप्रांतीय आडनावे कुठून सुरू झाली, याचा जो इतिहास मिळेल तो सुवर्णमहोत्सवी अंकातल्या शुभेच्छा-संदेशांतून मिळणार नाही. त्या अंकांत मंत्र्यांची छायाचित्रे रंगीत असतात आणि वसतिगृहाच्या मुलांचा एक सामूहिक फोटो, बहुधा नावांशिवाय.

आता तर पंगतच उठते आहे. 2018 मध्ये आदिवासी विकास विभागाने मोठ्या शहरांतल्या वसतिगृहांची खानावळ बंद करून भोजनाचे पैसे विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय घेतला. ठेकेदाराच्या जेवणाबद्दल तक्रारी होत्याच, त्या खऱ्याही होत्या. तरीही त्या जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले, ते खानावळ परत मागायला. रोख पैसे नकोत, जेवण हवे, ही मागणी अनेकांना चमत्कारिक वाटली. पैसे उशिरा येतात आणि घरच्या अडचणीत खर्च होतात, ही त्यांची बाजू व्यवहाराची होती. दप्तराच्या अंगाने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. खानावळीची वही असे, पाळी असे, तक्रारवही असे. त्यांच्या जागी आता प्रत्येकाच्या पासबुकात स्वतंत्र एक ओळ आली आहे. त्या ओळीला शेजारी नाही.

जुन्या वह्या खुल्या करण्याबद्दल माझा आग्रह सावध आहे. नाव आणि जात एका ओळीत असलेले पान कोणाच्या हाती पडावे, हा 1860 मधला प्रश्न आजही संपलेला नाही. हयात माणसांची पाने काही दशके बंद ठेवावीत, अभ्यासकाला नावे झाकून द्यावीत. पण बंद ठेवणे निराळे आणि रद्दीत घालणे निराळे. दर दिवाळीच्या साफसफाईत वसतिगृहांची कपाटे रिकामी होतात. त्यात पहिल्या जातात त्या खानावळीच्या वह्या, कारण त्यांवर कोणाची सही महत्त्वाची नसते, तेलाचे डाग असतात, आणि लेखापरीक्षण तर कधीच होऊन गेलेले असते.