पडद्यावरील शिल्लक आणि खेळाडूंचा अविश्वास

ऑनलाइन पोकरमध्ये खात्यातील रक्कम मिळण्यास विलंब झाला की खेळाडू संशय घेतात आणि तो हरलेल्यांचा कांगावा मानला जातो. ‘फुल टिल्ट पोकर’ या संकेतस्थळाचे प्रकरण हा समज खोडून काढते. अमेरिकेच्या न्याय विभागाने सप्टेंबर २०११ मध्ये न्यायालयात मांडल्यानुसार, ३१ मार्च २०११ रोजी कंपनी खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती. तिच्या बँकखात्यांत मात्र सुमारे ६ कोटीच होते. खेळाडूंकडून प्रत्यक्षात वसूल न झालेल्या रकमाही त्यांच्या खात्यांवर जमा दाखविल्या गेल्या आणि मालकांना पैसा वाटला जात राहिला, असाही आरोप होता.

थोडक्यात, पडद्यावरील शिल्लक ही सुरक्षित ठेव नव्हती. ते केवळ कंपनीचे आश्वासन होते. इंग्लिश खाडीतील ऑल्डर्नी बेटाच्या नियामकाने दिलेला परवाना २०११ मध्येच रद्द झाला, पण तोवर तूट पडून गेली होती. २०१२ मध्ये प्रतिस्पर्धी ‘पोकरस्टार्स’ने मालमत्ता घेतल्यावर परतफेडीचा मार्ग खुला झाला, अमेरिकी खेळाडूंना रक्कम मिळू लागण्यास २०१४ साल उजाडले. जेथे ठेवीचे स्वतंत्र लेखापरीक्षण नसते, तेथे पैसे वेळेवर हाती पडणे हीच सचोटीची कसोटी उरते. म्हणूनच खेळाडूंचा अविश्वास विवेकाचा ठरतो.