सहा घाट, पण कोणते?

रोल्स-रॉइसच्या इतिहासात १९०८ सालची एक हकीकत हमखास येते. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सहा सिलिंडरची गाडी मुंबई-कोल्हापूर चाचणीत ६२० मैल धावली, वाटेतले सहा घाट तिने पार केले आणि ती एकदाही नाइलाजाने थांबली नाही. पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. यात गाडीचे नाव आहे, गिऱ्हाइकाचे आहे, मैलांचा आकडाही आहे. पण मी वाचलेल्या कथनांत सहांपैकी एकाही घाटाचे नाव नाही.

ही हकीकत आपल्याकडे ‘शर्यत’ म्हणून सांगितली जाते, तिथेच पहिली गल्लत होते. १९०४च्या डिसेंबरात दिल्लीहून मुंबईकडे निघालेल्या मोटारींप्रमाणे ही भरवशाची परीक्षा होती. कोण आधी पोचले याहून कोण न मोडता पोचले, याला तिथे मोल. रोल्स-रॉइसचा तर हा हातखंडा. १९०७मध्ये त्यांनी ‘सिल्व्हर घोस्ट’ इंग्लंड-स्कॉटलंडच्या रस्त्यांवर पंधरा हजार मैल पळवली. ६२९व्या मैलाला धक्क्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप बंद झाली आणि गाडी थांबली. पुढचे १४,३७१ मैल ती नाइलाजाने थांबली नाही. टायरसाठी थांबलेले मात्र त्या हिशेबात धरलेले नाही! मुंबई-कोल्हापूरची हकीकत याच साच्यातली. हा साचा विक्रीचा आहे, हे ओळखून ती वाचायला हवी. खोटी आहे असे मी म्हणत नाही. तिला दिसते तेवढेच ती सांगते.

आता घाट. पुणे-सातारा मार्गे मुंबईहून कोल्हापूर अडीचशे मैलांच्या आसपास, म्हणजे ६२० मैलांत जाणे-येणे दोन्ही आले. या वाटेवर मोठे घाट तीन : बोर, कात्रज, खंबाटकी. जाताना तीन, येताना तीन, सहा भरतात. मैल मात्र शंभराच्या वर उरतात, म्हणून या हिशेबाचा मी आग्रह धरत नाही. पण पुण्याच्या वाटेने जायचे तर बोरघाट चुकत नाही, आणि त्याचा पायथा आमच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत दीड हजार फुटांहून अधिक चढ. परतीचा उतार त्याहून कठीण, कारण त्या काळच्या मोटारींना ब्रेक मागच्या चाकांनाच असत. विक्रीच्या कथेत चढ मिरवतो, उताराबद्दल अवाक्षर नसते.

मुळात या घाटात चाक चालते कसे? १८०४मध्ये आर्थर वेलस्लीने तोफा नेता येतील इतपत वाट करून घेतली. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर जॉन माल्कमने गाडीरस्ता खुला केला. रेल्वे यायच्या आधी मुंबईचा प्रवासी पडावाने पनवेल बंदरात उतरून याच रस्त्याने वर चढे. म्हणजे मोटार येईपर्यंत इथे पाऊण शतक बैलगाड्या चालल्या होत्या. रस्ता आधीच सिद्ध होता, सिद्ध व्हायचे होते ते गाडीने. कथेत मात्र घाट केवळ अडथळा म्हणून येतो, जणू खडक फोडणाऱ्यांशिवाय तो आपसूक तिथे होता. १८६३मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली, तिच्या कामावर हजारोंनी मजूर राबले आणि कित्येक पटकीने मेले. त्यांच्या नावांची कुणाला गरज पडली नाही.

या घाटाची दुसरी कथा खोपोलीकडच्या कुणाही माणसाला विचारा. रुळांसाठी वाट सापडेना, तेव्हा गुरे चारणाऱ्या शिंग्रोबा धनगराने साहेबाला ती दाखवली. बक्षीस काय हवे, तर देशाला स्वातंत्र्य द्या, म्हणाला; साहेबाने त्याला गोळी घातली. या कथेत सन नाही, मैल नाही, पुरावाही नाही. स्वातंत्र्याची मागणी तर पुढच्या काळाने घातलेली भर वाटते. पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक आहे : वाट कुणीतरी आधी पायाखाली घातलेली असते. रोल्स-रॉइसच्या कथेत आकडे सगळे आहेत आणि हेच नाही. संशोधकाला आकड्यांची कथा जवळची वाटते, मलाही अनेक वर्षे वाटली. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मात्र मला लोककथेपेक्षा आकड्यांच्या कथेचीच उलटतपासणी अधिक करावीशी वाटते. लोककथा आपण सत्य असल्याचा दाखला मागत फिरत नाही.

शिंग्रोबाचे देऊळ जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत घाटातच आहे. खालून चढ घेत येणारे चालक तिथे वेग कमी करतात, नाणे टाकतात, हात जोडतात. काही जण तर गाडी बाजूला घेऊन थांबतातही.