संमोहन उपचार: गुण, कारण आणि कुंभाराचं गाढव

मागच्या व्याख्यानात आपण कार्यकारणभावावर बोललो. शेवटी एका ताईंनी विचारलं होतं, "सर, संमोहनानं खरंच आजार बरे होतात का?" वेळ संपली होती. आज तोच विषय घेऊ.

माझ्याजवळ एका केंद्राचं माहितीपत्रक आहे. नाव घेत नाही. 'संमोहनाचे फायदे' असा मथळा आणि खाली ओळीनं ठिपके: झोप सुधारते, वेदना कमी होतात, पोटाच्या तक्रारी जातात, सिगारेट सुटते, हरवलेल्या आठवणी परत येतात, पूर्वजन्म दिसतो. सगळे ठिपके एकाच आकाराचे. माझं भांडण त्या ठिपक्यांशी आहे.

थोडं मागे जाऊ. अठराव्या शतकात मेस्मर नावाचा डॉक्टर व्हिएन्नाहून पॅरिसला आला. शरीरात एक अदृश्य चुंबकीय प्रवाह असतो, तो अडला की आजार होतो, आणि आपण तो मोकळा करतो, असं तो सांगे. लोकांना गुणही येई. १७८४ साली फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होता, लव्हाझिए होता. मेस्मरच्या एका शिष्यानं फ्रँकलिनच्या बागेतलं जर्दाळूचं एक झाड 'भारून' ठेवलं. बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून आणलं आणि एकेका झाडापाशी नेलं. चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. गंमत म्हणजे भारलेलं झाड तिथून चोवीस फुटांवर होतं!

आपल्या नैयायिकांनी याला छान शब्द दिला आहे: अन्यथासिद्ध. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं. मडक्याच्या आधी ते हजर असतं, म्हणून काही ते मडक्याचं कारण ठरत नाही. माती दुसऱ्या कशावरूनही आणता आली असती. मेस्मरचा प्रवाह हे असं गाढव होतं.

समितीनं म्हटलं, प्रवाह नाही, परिणाम कल्पनेचा आहे. बरोबर. पण ऐकणाऱ्यांनी त्यात एक शब्द आपल्या पदरचा घातला: 'नुसत्या' कल्पनेचा. अहो, नुसत्या कल्पनेनं एक मुलगा बेशुद्ध पडतो, ही किती मोठी गोष्ट आहे! स्पष्टीकरण खोटं ठरलं म्हणून गुण खोटा ठरत नाही. आणि गुण आला म्हणून स्पष्टीकरण खरं ठरत नाही. या दोन्ही चुका आजही रोज होतात. पहिली आपण बुद्धिवादी माणसं करतो, दुसरी ते माहितीपत्रक करतं.

आता आपल्या देशात येऊ. १८४५ साली बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन होता. भूल देण्याचं औषध अजून आलेलं नव्हतं. त्यानं मेस्मरची पद्धत वापरून तुरुंगातल्या एका कैद्यावर अंडवृद्धीची शस्त्रक्रिया केली. पुढे मोठमोठ्या गाठी काढल्या, आणि रुग्णांना वेदना झाल्या नाहीत असं लिहून ठेवलं. मग ईथर आलं, क्लोरोफॉर्म आलं. ते काही मिनिटांत आणि सगळ्यांवर चालायचं. मेस्मरच्या पद्धतीत मदतनीसांना एकेका रुग्णापाशी तासन् तास बसावं लागे, आणि प्रत्येकावर ती चालेच असं नाही. तिकडे मँचेस्टरला जेम्स ब्रेड या सर्जननं प्रवाहाची कल्पना टाकून दिली. 'हिप्नॉटिझम' हे नाव रूढ झालं ते त्याच्यामुळे.

मग आज हाती काय आहे? १९८४ साली 'लॅन्सेट'मध्ये मँचेस्टरच्याच डॉक्टरांचा एक अभ्यास आला. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या आयबीएसचे, म्हणजे आतड्याच्या चिवट तक्रारीचे, तीस रुग्ण होते. संमोहन दिलेल्या गटाला दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त आराम पडला. अभ्यास लहान होता, पण पुढे इंग्लंडच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत, वर्षभर औषधांनी गुण न आलेल्या अशा रुग्णांसाठी संमोहनाचा विचार करावा, असं आलं. सिगारेटचं काय? कोक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यानं म्हटलं, पुरेसा पुरावा नाही. आणि आठवणी? अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीनं १९८५ साली सांगितलं की संमोहनात आलेल्या आठवणी जास्त अचूक नसतात, उलट कमी भरवशाच्या असू शकतात.

एकच उपाय एकीकडे चालतो आणि दुसरीकडे घात करतो. असं का? माझं उत्तर असं आहे. संमोहनाचं बळ सूचनेत आहे. वेदना ही जाणवण्यातच असते. दुखणं कमी जाणवलं, तर दुखणं कमी झालंच. आठवणीचं तसं नाही. आठवण खरी वाटली म्हणून ती घटना घडलेली ठरत नाही. आणि मधे तिसरी एक जागा आहे, धोक्याची: पोटदुखी थांबली, पण आत गाठ असली तर ती वाढतच राहते. म्हणून आधी डॉक्टर, तपासणी, निदान. मग संमोहन.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी पत्नी गेली त्यानंतर माझी झोप गेली. एका मित्राच्या आग्रहानं मी एका संमोहनतज्ज्ञाकडे गेलो. शांत आवाज, श्वासाकडे लक्ष, हातपाय जड होताहेत अशी सूचना. मला झोप लागू लागली, हे कबूल केलंच पाहिजे. चौथ्या बैठकीनंतर ते गृहस्थ म्हणाले, "सर, मॅडमना भेटायचंय का? एका बैठकीत भेटवतो."

तीन दिवस मी विचार करत होतो. हसू नका. ती गेली तेव्हा मी खाली औषधं आणायला गेलो होतो. शेवटी ती काही बोलली का, मला माहीत नाही. त्या बैठकीत ती नक्की बोलली असती, आणि मला हवं तेच बोलली असती. मग तिचं बोलणं कोणतं आणि माझं कोणतं, हे मला उरलेल्या आयुष्यात निवडता आलं नसतं. तिच्या आठवणींखेरीज माझ्यापाशी आता आहे काय? त्यात भेसळ नको होती.

मी गेलो नाही. श्वासाचा तो व्यायाम मात्र अजून रोज रात्री करतो, आणि झोप लागते.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाला एक उत्तर नाही. माहितीपत्रक हातात आलं तर प्रत्येक ठिपक्याला वेगळं विचारा: इथे जाणवण्याचा प्रश्न आहे, की खरं-खोटं ठरवण्याचा? थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ या.